प्रवेशाआधीचे डॉक्टर

परळ-लालबागच्या चाळींत दोन प्रकारचे डॉक्टर आढळतात. पहिले, केईएम हॉस्पिटलच्या मेडिकल कॉलेजातून शिकून बाहेर पडलेले. ते चाळीत दिसत नाहीत. बरी कमाई सुरू झाली की ठाण्याला ब्लॉक घेतात आणि गणपतीत पाच मिनिटं दर्शनाला येऊन जातात. दुसरे, केईएममध्ये शिरायच्या खटपटीत असलेले. ते बारा महिने चाळीत हजर असतात. पहाटे नळाला पाणी आलं की हाका मारायला उपयोगी, रात्री दोनला कुणाच्या छातीत कळ आली की टॅक्सी आणायला उपयोगी. क्लासवाले त्यांना रिपीटर म्हणतात. आमच्या मजल्यावरच्याला सगळी चाळ 'डॉक्टर'च म्हणायची. प्रवेश तेवढा मिळायचा होता.

डॉक्टरचे आजोबा कुडाळकडचे, परळच्या गिरणीत कामाला. १९८२च्या संपात गिरणी सुटली तेव्हा त्यांनी केईएमच्या फाटकाबाहेर शहाळी विकली. पांढरे कोट घालून आत जाणारी पोरं बघता बघता त्यांनी मनाशी ठरवलं की आपल्या घरातलं एक तरी या फाटकातून आत जाईल, आणि पेशंट म्हणून नव्हे. मुलगा बेस्टमध्ये कंडक्टर झाला. मग तो ठराव नातवाच्या नावे वर्ग झाला. नातवाला विचारलं गेलं नाही, पण त्यानेही तक्रार केली नाही. त्याचा जन्मच मुळी वाडिया हॉस्पिटलातला, म्हणजे केईएमला खेटून. पुढचा प्रवास चालत दहा मिनिटांचा, असं सगळ्यांना वाटलं होतं.

डॉक्टरची बॅचही मुलखावेगळी. २०२१ साली कोरोनामुळे राज्याची बारावीची परीक्षाच रद्द झाली आणि पोरं घरबसल्या पास झाली. न दिलेल्या त्या एका परीक्षेची भरपाई डॉक्टर पुढे व्याजासकट करत राहिला. त्या वर्षीची मेडिकलची प्रवेशपरीक्षा, म्हणजे नीट, झाली १२ सप्टेंबरला, ऐन गणपतीत, गौरी यायच्या दिवशी. उंबऱ्यावर गौर आत येतेय, आणि तिला वाट करून देत हा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायांत स्लीपर आणि पारदर्शक बाटलीत पाणी घेऊन बाहेर पडतोय. पूर्ण बाह्या नकोत, बूट नकोत, अंगावर धातू नको. आजीने मनगटाला बांधलेला दोराही सेंटरच्या फाटकावर सोडायला लावला. निकाल लागल्यावर आजीने निदान केलं ते एवढंच : "दोरो सोडलो, थंयच सगळा सुटला."

निकालाच्या संध्याकाळी बाकीची पोरं मोबाइल बंद करून मामाच्या घरी जातात. डॉक्टरची रीत वेगळी. तो गॅलरीत यायचा आणि तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचा, "चारशे दोन. गेलं." मग खाली उतरून वडापाव खायचा आणि परत वर येऊन त्याच कठड्याला टेकून उभा राहायचा, ज्यांना हळहळायचं असेल त्यांची सोय व्हावी म्हणून.

नीटला एकूण गुण ७२०. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा, सोडून दिलं तर शून्य. हा नियम डॉक्टरच्या रक्तात भिनला. आईने विचारावं, "भेंडी आणू की गवार?" हा म्हणायचा, "आई, हा मी सोडतो." लग्नात कुणी "जेवण कसं झालं?" विचारलं तर चार पर्याय मागायचा. चाळीच्या पुनर्विकासाच्या मीटिंगमध्ये बिल्डरच्या बाजूने सगळे हात वर गेले, डॉक्टरचा खाली. "खात्री नाही, उगाच एक वजा होईल." पुढे तो बिल्डर दिसेनासा झाला, तेव्हा अख्ख्या चाळीत गुण न कापला गेलेला हा एकटाच निघाला.

अभ्यासाचं मुख्य हत्यार म्हणजे एनसीईआरटीचं जीवशास्त्र. पेपरात अर्धे गुण त्या विषयाचे, म्हणजे ३६०. पहिल्या वर्षी त्याने महत्त्वाच्या ओळी पिवळ्या केल्या. दुसऱ्या वर्षी, आधी बिनमहत्त्वाच्या वाटलेल्या पण पेपरात आलेल्या ओळी हिरव्या. तिसऱ्या वर्षी उरलेल्या गुलाबी. चौथ्या वर्षी पुस्तकात पांढरा रंग फक्त समासात उरला. मी विचारलं, "आता यातलं महत्त्वाचं कसं ओळखायचं?" तो म्हणाला, "सगळंच महत्त्वाचं आहे, काका. फक्त हे कळायला रंग फार लागले."

जीवशास्त्रात तो केव्हाच डॉक्टर झाला होता. अडायचं भौतिकशास्त्रात. गोटी उतारावरून किती वेगाने घरंगळेल हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्या हाती कुणाची नाडी देऊ नये, असं आपल्याकडचं धोरण आहे.

रिपीटर घरात असला की पाहुण्यांना विषय पुरतो. कुणी म्हणे सायनला आयुर्वेद कर, कुणी म्हणे नायरला डेंटल बघ, दातही शेवटी शरीरातच असतात. एका लांबच्या काकांनी युक्रेन सुचवलं. सहा वर्षं, थंडी कडक, पण नीटचे गुण थोडके चालतात. डॉक्टरच्या वडिलांनी पीएफचे कागद बाहेर काढले. तेवढ्यात २४ फेब्रुवारी २०२२ उजाडली, तिकडे युद्ध सुरू झालं आणि टीव्हीवर बॅगा ओढत सीमेकडे चालणारी आपली पोरं दिसायला लागली. त्या दिवशी सगळी चाळ डॉक्टरच्या दारात. "वाचलास रे बाबा! पहिल्याच खेपेला पास झाला असतास, किंवा आधीच पाठवला असता, तर?" एका काकूंनी पेढे आणले. नापास होण्याचे पेढे खाणारा लालबागमधला तो बहुधा पहिलाच असावा. यातला तर्क मला आजही नीटसा लागलेला नाही, पण पेढे चांगले होते.

सल्ल्यापलीकडे जाऊन थेट व्याख्यान देणारे एकच, गिरगावचे मामा. निवृत्त शिक्षक. ते आले की रखमाबाई यायच्या. "आमच्या गिरगावातल्या मुलीची गोष्ट आहे," मामा सुरू करायचे. "लहानपणी लग्न लावून दिलेलं. नवरा कोर्टात गेला. १८८७ साली कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. ती म्हणाली, तुरुंग चालेल. पुढे लंडनला गेली, १८९४ साली डॉक्टर होऊन आली आणि सुरतेत, राजकोटला आयुष्यभर बायकांची सेवा केली. आणि तू गोटीला घाबरतोस?"

एकदा डॉक्टर शांतपणे म्हणाला, "मामा, त्यांना निगेटिव्ह मार्किंग नव्हतं."

मामा चष्म्यावरून बघत म्हणाले, "होतं. सहा महिन्यांचं."

त्या रात्री डॉक्टर उशिरापर्यंत गोट्या सोडवत बसला होता.

या काळात केईएमला त्याच्याइतकं कुणी जात नसेल. चाळीतल्या कुणालाही दाखवायचं असलं की डॉक्टर सकाळी सातला रांगेत. केसपेपर कुठे काढायचा, कुठली ओपीडी कुठल्या वारी, कुठली लिफ्ट बंद असते आणि कुठला जिना लवकर पोचवतो, सगळं तोंडपाठ. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या गुडघ्यासाठी तो इतक्या वेळा आत गेला की काकूंना वाटायचं, प्रवेश झालाच आहे, फक्त कागद यायचाय. रांगेत कंटाळलेल्या पेशंटना तो इतिहास सांगायचा. हे कॉलेज १९२६चं. शेठ गोरधनदास सुंदरदासांच्या पैशातून उभं राहिलं, आणि देणगीला अट होती की इथे शिकवणारे डॉक्टर भारतीयच असावेत. साहेबाच्या राज्यात अशी अट घालायला छाती लागते, असं तो सांगायचा तेव्हा रांगेतली माणसं माना डोलवायची आणि मग विचारायची, "तुम्ही कितव्या वर्षाला?" तेव्हा तो म्हणायचा, "शून्याव्या."

स्वतःचा प्रवेश होत नव्हता, पण प्रवेशप्रक्रियेतलं त्याचं ज्ञान अफाट. ८५ टक्के जागा राज्याच्या, १५ टक्के अखिल भारतीय, कॅप राउंड, स्टेटस रिटेन्शन, स्ट्रे व्हेकन्सी, नॉन क्रीमिलेयर, गॅपचं प्रतिज्ञापत्र. जूनपासून त्याच्या दारात पालकांच्या चपला. फी म्हणून चिवडा गल्लीतला चिवडा. शेजारच्या चाळीतल्या एका पोरीचा पसंतीक्रम त्याने रात्री बसून भरून दिला आणि ती केईएमला लागली. तिला त्याने पहिल्या दिवशी कँटीनचा जवळचा रस्ताही दाखवला. नंतर काकूंचा गुडघा घेऊन गेला की ती पांढऱ्या कोटात समोर यायची. घराबाहेर उभ्या परळमध्ये "यंदा तरी?" न विचारणारी ती एकटीच.

बाकी सगळे विचारायचे. वाणी विचारायचा, इस्त्रीवाला विचारायचा, मंडळाच्या वर्गणीची पावती फाडणारे कार्यकर्ते विचारायचे. रुईयाला बी.एस्सी.ला गेलेले मित्र नोकरीला लागले, तेही विचारायचे. घरात वडील मात्र कधी विचारत नसत. दर वर्षी फॉर्म सुटले की ते कामावरून येताना एटीएममधून पैसे काढून टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "भर."

२०२३ला ५४७ झाले, थोडक्यात हुकलं. २०२४ला ६११. गॅलरीतून आकडा पडला तेव्हा खालून पहिल्यांदा टाळ्या आल्या. तो दिवस होता ४ जून, लोकसभेची मतमोजणी. घराघरात टीव्हीवर आकडे चढत-उतरत होते, त्यात हाही एक. निकाल खरं तर दहा दिवसांनी लागायचा होता. संध्याकाळपर्यंत कळलं की देशात ७२० पैकी ७२० मिळवणारेच ६७ जण आहेत. मग ग्रेस गुण, पेपरफुटी, कोर्ट. चाळीने महिनाभर सुप्रीम कोर्टाचं कामकाज क्रिकेटच्या मॅचसारखं पाहिलं. २३ जुलैला फेरपरीक्षा नाही असं ठरलं. कटऑफ आभाळाला टेकला आणि ६११ला सरकारी जागा मिळाली नाही. गॅलरीत येऊन डॉक्टर म्हणाला, "गेलं." या वेळी वडापाव खायला चाळीतले सहा-सातजण बरोबर गेले.

२०२५चा पेपर ४ मेला झाला. भौतिकशास्त्र असं आलं की सेंटरबाहेर हुशार पोरं फुटपाथवर बसून रडत होती. डॉक्टर गोट्यांना सरावलेला. तो सोडायचे ते सोडून, यायचे ते लिहून बाहेर आला. जूनमध्ये गॅलरीतून आवाज आला, "पाचशे सोळा." चाळ शांत. गेल्या वर्षीपेक्षा ९५ कमी. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. "थांबा," डॉक्टर म्हणाला, "या वर्षी देशात पहिला आलाय त्याला ६८६च आहेत. मला मिळेल."

हे चाळीच्या गळी उतरवायला त्याला भौतिकशास्त्रापेक्षा जास्त वेळ लागला. ६११ला नाही आणि ५१६ला हो, हे कुठलं गणित? शेवटी एका जुन्या गिरणी कामगारानेच निकाल दिला : "अरे, गेल्या वर्षी गुणांची महागाई होती. हातात नोटा जास्त, माल कमी. आम्ही बघितलीये." मग सगळ्यांना पटलं.

जागा मिळाली. केईएमला नव्हे, तिथला कटऑफ महागाई उतरूनही परवडणारा नव्हता. यादीत नाव आलं ते सिंधुदुर्गच्या सरकारी मेडिकल कॉलेजात, ओरोसला. आजोबांच्या गावापासून एसटीने जवळच. नातवाला केईएमच्या फाटकातून आत घालायचं म्हणून दोन पिढ्या मुंबईत खपल्या, आणि नातू निघाला उलट तुतारी एक्स्प्रेसने कुडाळकडे. आजीला मात्र यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. ती म्हणाली, "बरा झाला. घराक कुलूप हा, उघडून झाडून घे."

मध्यरात्री दादरच्या प्लॅटफॉर्मवर चाळ जमली. गिरगावचे मामाही आले आणि पहिल्यांदाच रखमाबाईंना घरी ठेवून आले. वडिलांनी खिडकीतून नोटा दिल्या आणि सवयीने म्हणाले, "भर."

पहिल्या सुटीत डॉक्टर परत आला तो पांढरा कोट बॅगेत दडवून. पण चाळीला वास लागतोच. सकाळी दार उघडलं तर बाहेर रांग. हातात एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, गोळ्यांच्या पाकिटांच्या पिशव्या. डॉक्टर हात जोडून म्हणाला, "अहो, मला काहीच येत नाही अजून. आत्ताशी फक्त हाडं शिकवलीयत."

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू रांग मोडून पुढे आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि पाय लांब करून म्हणाल्या, "मग गुडघ्यात काय भेंडी असते?"