पूर्वीचा ऊकार आणि मेहकरचे मामा

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात लग्नपत्रिका कोणी वाचत नाही, तपासतात. आपलं नाव आहे का, असल्यास कोणाच्या खाली आहे, एवढं बघून झालं की ती देवघरात जाते. अशा मुलखात पुण्याला नोकरी करणाऱ्या आमच्या पुतणीने, पूर्वीने, हट्ट धरला, ‘‘काका, पत्रिकेचं अक्षर कॅलिग्राफीचंच पाहिजे.’’

हट्टात गैर काही नव्हतं. हेरमान झाफ या जर्मन सुलेखनकाराचा ‘झाफिनो’ फॉन्ट १९९८ साली आला. त्यात एकेका अक्षराची अनेक रूपं आणि शेपट्या अशा लांब, की शेजारच्या ओळीत जाऊन चहा पिऊन याव्यात. आपल्याकडे कमल शेडगे यांनी नाटकांची नावं अशी रेखाटली, की जाहिरात बघूनच नाटकाचा नूर कळे. अच्युत पालवांनी मोडीचं वळण आजच्या सुलेखनात खेळवलं. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण या थोर मंडळींच्या अक्षरांना कागद मोकळा मिळाला. आमच्या पत्रिकेत विनीत, निमंत्रक, कार्यवाहक, व्यवस्थापक, दोन गावांची समस्त मित्रमंडळी आणि ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी, अजून बोलताही न येणारी बालगोपाळ मंडळी.

खामगावच्या छापखान्यातल्या पोराने मुकाट्याने वळणदार फॉन्ट लावला. इंग्रजी अक्षरं ओळीवर बसतात. आपली शिरोरेषेला लोंबकळतात, वर वेलांटी-रफार आणि खाली उकार घेऊन. त्यात नाव ‘पूर्वी’! एकाच नावात दीर्घ ऊकार, रफार आणि दीर्घ वेलांटी. सुलेखनकाराने नवस करून मागावं असं. वेलांटी झोकात वर गेली आणि थेट गणपतीच्या सोंडेत मिसळली. ते शुभच झालं. ऊकाराने मात्र खाली एक डौलदार गिरकी घेतली आणि मेहकरच्या मामांच्या नावातून आरपार निघून गेला.

मामांनी प्रूफ हातात घेतलं, चष्मा कपाळावर सारला. ‘‘माहं नाव काहून खोडलं?’’

‘‘खोडलं नाही मामा, डिझाइन आहे.’’

‘‘मंग नवरदेवाच्या मामाचं काहून नाही खोडलं?’’

याला उत्तर नव्हतं. नवरदेव ‘अमर’, त्याला ना उकार, ना वेलांटी. मी ओळींत अंतर वाढवायला सांगितलं, तर छापखान्यातला पोरगा म्हणाला, ‘‘वाढवतो जी, पण मंग सात नावं कमी करा लागतीन.’’ सात नावं! त्यापेक्षा लग्न पुढे ढकलणं सोपं.

शेवटी तह झाला. वळणदार अक्षर फक्त वधूवरांच्या नावांना, बाकी सारं सरळ, ठसठशीत. मामांना स्वतंत्र ओळ, वर-खाली मोकळी जागा सोडून. छापून आलं तेव्हा पूर्वी खूश, मामा खूश.

पण आता चिखलीच्या आत्याबाई विचारत होत्या, त्या मामाच्या भोवती एवढी जागा रिकामी आहे, तर तिथं आमच्या जावयाचं नाव का नाही बसवलं?