काकडं घेतलीस का?

परदेशात भाज्या मिळत नाहीत, ही तक्रार आता खोटी आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनला ऐन जानेवारीत, बाहेर बर्फ पडत असताना तोंडली, गवार, भेंडी सगळं मिळतं. दुःख इतकंच की बाराही महिने मिळतं, त्यामुळे कशाची वाट म्हणून बघावी लागत नाही.

म्हणून यंदा रजा जूनमध्ये घेतली. दिवाळीचा फराळ कुरिअरने येतो, शेवळं येत नाहीत. पहिल्या सरींबरोबर ही रानभाजी जमिनीतून वर येते. कर्नाळ्याच्या बाजूच्या वाड्यांवरल्या ठाकूर-कातकरी बायका ती खुडून पनवेलच्या बाजारात आणतात आणि काही आठवड्यांत खेळ खलास.

मुंबई विमानतळावरच्या अधिकाऱ्याने मान वर न करता पासपोर्टवर शिक्का मारला. खरी उलटतपासणी पनवेलच्या बाजारात झाली. समोर शेवळांचे वाटे, टाकळ्याचे ढीग, कुलूच्या जुड्या.

"मावशी, शेवळं कशी दिली?"

"काकडं घेतलीस का?"

"नाही."

"मग शेवळं कशाला घेतोस?"

शेवळं नुसती शिजवली तर घसा खाजतो. काकड या रानफळाच्या आंबट रसाने ती खाज मरते. मावशींना धंद्यापेक्षा माझ्या घशाची काळजी जास्त.

"करणार कोण?"

"आई."

"मग घे. राहतोस कुठं?"

"अमेरिकेत."

मावशींनी एक मूठ शेवळं वर घातली. "तिथं काय खाता रे?"

"ब्रॉकोली. हिरवा फ्लॉवरच म्हणा."

"पहिल्या पावसात येते?"

"छे, बारा महिने असते."

"मग तिचं कवतिक कोण करणार?"

घरी आईने वरची पानं सोलली, खालचा खाजरा पिवळा भाग कापून टाकला. पिशवीभर शेवळांची वाटीभर भाजी उरली. वास भिंतीपलीकडे गेला असावा, कारण शेजारच्या सीकेपी काकू सुक्या कोळंबीचे सोडे घेऊनच आल्या. सोड्यांशिवाय शेवळं म्हणजे त्यांच्या मते उपास. पहिल्या घासानंतर पंगत एकदम गप्प. चवीमुळे नव्हे, घसा खाजतोय का याचा प्रत्येकजण अंदाज घेत होता. खाजेना, तेव्हा कुठे दुसऱ्या वाढपावरून भांडण सुरू झालं.

आमच्या एडिसनच्या साहेबाला पुढच्या वर्षीच्या रजेच्या तारखा आत्ताच हव्या आहेत. त्याला कळवलंय, एप्रिलमध्ये भारतीय हवामान खात्याचा पहिला अंदाज येऊ दे, मग बोलू.