बीडला जाऊन तोंडं काळी

धाकट्या मेहुण्याचं लग्न झालं, आणि नव्या जोडीला खंडोबाच्या दर्शनाला न्यायचं ठरलं. "दाजी, तुमचा क्यामेरा घेऊनच या," असा निरोप आला. सासुरवाडीला जावयाला दोनच गोष्टींसाठी बोलावतात, जेवायला आणि चुकायला. मी दोन्हीच्या तयारीनं अहिल्यानगरला बीडच्या गाडीत बसलो. ही रेल्वे 1995 साली मंजूर झाली आणि 17 सप्टेंबर 2025 ला बीडहून धावायला लागली. शेजारच्या आजोबांनी ती तारीख नातवाच्या बारशाची सांगावी तशी सांगितली. गाडीसाठी तीस वर्षं कळ काढणारी माणसं फोटोसाठी दोन मिनिटं काढतीलच, असं मी धरून चाललो. तिथंच चुकलो.

खंडोबाचं देऊळ बीडच्या पूर्वेला टेकडीवर आहे. पुढ्यात दोन अष्टकोनी दीपमाळा, प्रत्येकी सुमारे 70 फूट. हे कुणी बांधलं याबद्दल दोन आख्यायिका आहेत: एक सुलतानजी निंबाळकरांचं नाव घेते, दुसरी महादजी शिंद्यांचं. मंडळींत दोन्ही पक्ष होते, त्यामुळे चढ संपेपर्यंत विषय पुरला. टेकडी पूर्वेला, म्हणजे मावळतीला अख्खं बीड पायाशी आणि त्याच्यावर लालबुंद सूर्य. नवरदेवानं मोबाइलवर कुणाचा तरी फोटो पाहून ठेवला होता. "दाजी, सूर्य आमच्या दोघांच्या बरोब्बर मधी पायजे."

मधी घेतला. मागं सूर्य भट्टीसारखा पेटलेला, आणि पुढं दोन कोळसे उभे. सगळ्या मंडळींना घेतलं, तर सगळेच कोळसे.

यात दाजींचा दोष नव्हता. क्यामेरा आपला सगळ्या चित्राची सरासरी काढतो. समोर एवढा उजेड दिसला की तो घाबरून डोळे किलकिले करतो, आणि त्या किलकिल्या डोळ्यांना चेहरा दिसत नाही. हे मी नीट समजावून सांगितलं. आत्याबाईंनी पडद्यावर वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढं हळदीचं अंग, आन् ह्यांनी पोरीचं तोंड काळं केलं की!"

मग मी मापन फक्त चेहऱ्यावर घेतलं. चेहरे उजळले, पण सूर्य, आभाळ आणि बीड शहर सगळं पांढरंफटक. "दाजी, हे तर स्टुडिओत बी निघालं असतं." फ्लॅश उडवला. दीपमाळ चौकटीत यावी म्हणून मी पार मागं सरकलो होतो आणि क्यामेऱ्यातला तो एवढासा फ्लॅश चार-पाच पावलांपलीकडे दमतो. उजळला फक्त मधे आलेला एक कुत्रा. तो मात्र सुरेख आला आहे.

"चांदीवानी काही चकाकणारं आहे का?" मी विचारलं. उजेड परतवायला पांढरा थर्माकोल बरा, पण देवळात थर्माकोल कुठला? प्रसादाची स्टीलची परात मिळाली. थोरले मेहुणे माझ्याशेजारी परात सूर्याकडे धरून उभे राहिले. परातीला बाक असतो हे माझ्या ध्यानात नव्हतं. सगळा उजेड गोळा होऊन एकट्या सासऱ्यांच्या डोळ्यांवर पडला. "आरं, काय करायलाव? आंधळं करता का मला?" ते ओरडले. शेजारच्या काकांना वेगळंच दुःख: "सगळा उजेड दादालाच व्हय?" परात अर्धी माझ्याकडं, अर्धी तुमच्याकडं अशी ओढाओढ सुरू झाली आणि तेवढ्यात कुणीतरी "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणत भंडारा उधळला. निम्मा देवाला, निम्मा लेन्सला.

सूर्याची कड क्षितिजाला टेकली की तो बुडायला आपल्याकडे दोन-सव्वादोन मिनिटं लागतात. ती परातीत गेली.

मी लेन्स पुसत होतो तेव्हा सूर्य गेलेला होता, आणि खरं सांगतो, तेव्हाच उजेड उत्तम होता. आभाळ गुलाबी, चेहरे मऊ, कुणाचे डोळे बारीक नाहीत. "थांबा, थांबा, आता घेतो!" पण मंडळी चपला शोधत होती. "सूर्यच गेला, आता कशाचा फोटो?" तीस वर्षं थांबलेल्या गावात दहा मिनिटं कुणी थांबेना.

घरी सगळे फोटो पाहिले. आत्याबाईंनी त्या पहिल्या काळ्या फोटोंवरून बोट फिरवलं: "हे पोट आप्पाचं. हा फेटा थोरल्याचा. ही वाकलेली मी." एकही नाव चुकलं नाही. शेवटी मोठा करून भिंतीवर लागला तो कोळशांचाच फोटो. नवरी कुठली आणि नवरदेव कुठला, हे पाहुण्यांना आत्याबाई सांगतात.

तुम्हाला चेहरे हवे असतील तर त्या टेकडीवर सकाळी जा. शहराकडे पाठ करून उभे राहिलात की ऊन समोरून येतं. परात घरी ठेवा.