हरोळीचे पाय

राज्यकारभारात जे वारंवार घडते तेच महाराष्ट्राचा राज्यपक्षी नेमताना घडले. मानाचे पद अशा असामीच्या पदरी पडले, जी नेमल्या जागी हजर असूनही कोणाच्या नजरेस पडत नाही. हरियाल, म्हणजे आपली पिवळ्या पायांची हरोळी, फळांनी लगडलेल्या वडावर थव्याने बसलेली असली तरी खालून जाणाऱ्या रयतेला केवळ वड दिसतो. आणि एखाद्या उपद्व्यापी मनुष्याने खाली टाळी वाजवलीच, तर पंखांचा एकच फडफडाट होऊन निम्मा वड आकाशात उडून गेल्याचा त्याला भास होतो. उरलेल्या निम्म्या वडातही आणखी दहापाच जणी निश्चल बसलेल्या असतात, हे त्याला दुसरी टाळी वाजवीपर्यंत कळत नाही.

एवढ्यावर निभावले असते तरी चालले असते. परंतु या हिरव्या घराण्यात भाऊबंदकी फार. हिमालयाच्या नि ईशान्येच्या शाखा सोडून दिल्या, अंदमानची शाखा समुद्रापार म्हणून वगळली, तरी सह्याद्रीच्या मुलखात एकाच उंबराच्या उत्पन्नावर तिघींचा दावा असतो: पिवळ्या पायांची, नारिंगी छातीची आणि राखाडी कपाळाची. यांपैकी शेवटच्या दोघींना शास्त्राच्या दप्तरी दाखल केले ते टी. सी. जर्डन या मद्रासकडच्या लष्करी डॉक्टराने, तेही 1840 या एकाच सालात. पुढे राखाडी कपाळाच्या हरोळीचे खाते सिंहलद्वीपाच्या हरोळीबरोबर अनेक वर्षे सामाईक चालले, आणि 2005 साली पॅमेला रासमुसेन व जॉन अँडरटन यांनी आपल्या दक्षिण आशियातील पक्ष्यांवरच्या ग्रंथात वाटणी करून पश्चिम घाटाचा हिस्सा स्वतंत्र नावावर केला. या फेरफाराची वर्दी हरोळ्यांना अद्याप पोहोचलेली नसावी, कारण त्यांच्या चालचलणुकीत काडीचाही फरक पडल्याचे दिसत नाही.

माझे एक वयोवृद्ध स्नेही महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले आणि निवृत्तीनंतर पक्षिनिरीक्षणाकडे वळले. माणसे अशा वयात सहसा अध्यात्माकडे वळतात. पण रावसाहेबांना पुराव्यावाचून काहीही मान्य करण्याची सवय नसल्यामुळे तो मार्ग त्यांना बंद होता. आंबोली घाटाच्या पायथ्याशी एका पिकल्या उंबराखाली आम्ही दुर्बिणी रोखून उभे होतो, आणि वरून हरोळ्यांची ती मऊ, गोलाईदार शीळ येत होती, जी ऐकून कबुतराच्या घुमण्यापेक्षा कोणी रिकामटेकडा तरुण शीळ घालीत चालल्याचाच संशय अधिक येतो.

"रावसाहेब, ही राखाडी कपाळाची असावी," मी म्हणालो.

"असावी? 'असावी' या शब्दाला दप्तरात रकाना नाही. पाय कोणत्या रंगाचे?"

"पाय पानाआड आहेत."

"मग मिसळ तहकूब," असे म्हणून त्यांनी वही मिटली.

रावसाहेबांचा आग्रह शास्त्रशुद्ध होता, हे कबूल केलेच पाहिजे. राज्यपक्ष्याचे पाय पिवळे आणि बाकीच्या दोघींचे तांबडे, इतका निर्विवाद पुरावा दुसरा नाही. फक्त तो ज्या अवयवाच्या ठायी आहे तो अवयव ही पाखरे दाट पालवीत, फांदीच्या वरच्या अंगाला, पोटाच्या पिसांखाली दडवून बसतात. लोकांनी तर पूर्वीच असे ठरवून टाकले आहे, की हरियाल जमिनीला पाय लावीतच नाही, आणि पाण्यावर उतरायची वेळ आली तर पायांत काडी धरून उतरतो. त्या काडीला हरियाल ज्या निष्ठेने धरून असतो त्या निष्ठेने आम्ही कृष्णाला धरून आहोत, असे सूरदासांच्या गोपी उद्धवाला सांगतात. भक्तिमार्गाला ही काडी फार उपयोगी पडली. ओळख पटवण्याच्या कामी मात्र तिचा उपयोग नाही, कारण वस्तुतः हा पक्षी पाण्यासाठी आणि क्षारयुक्त मातीसाठी अधूनमधून खाली येतो, आणि त्यावेळी त्याचे पाय उघडे, रिकामे व स्वच्छ दिसतात. पण खाली येण्याचा मुहूर्त तो आगाऊ जाहीर करीत नाही.

पाय दिसत नाहीत तोवर इतर निशाण्यांवर काम भागवावे लागते, आणि नरांच्या बाबतीत ते कठीण नाही, कारण पुरुषजातीने आपली प्रतिष्ठा अंगावर मिरवण्याची रीत इथेही सोडलेली नाही. नारिंगी छातीच्या नराच्या छातीवर नारिंगी पट्टा असतो आणि त्याच्या वर फिक्या जांभळ्या रंगाचा दुसरा, अरुंद. पाठ मात्र साधी हिरवी. राखाडी कपाळाचा नर छातीवर काही लावीत नाही, पण त्याची पाठ गडद तपकिरी-तांबूस, सत्कारमूर्तीच्या खांद्यावर नुकत्याच घातलेल्या शालीसारखी असते, आणि सत्कारमूर्तीप्रमाणेच तोही ती शाल उतरवून ठेवीत नाही. पिवळ्या पायांच्या हरियालाचे डोके राखाडी, मान पिवळसर, खांद्यावर जांभळट डाग आणि मिटलेल्या पंखावर पिवळी रेघ असते. त्यातही उत्तरेकडच्या हरियालाचे पोट राखाडी आणि आपल्या द्वीपकल्पातल्याचे पिवळसर हिरवे, असा आणखी एक पोटभेद आहे. तो प्रांतवार असल्यामुळे त्यावरून वाद घालण्यास निदान एक प्रवास करावा लागतो.

डोळ्याविषयी मात्र एक शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. एक हरोळी उंबराच्या टोकाशी डोके खाली करून लोंबकळली, चोचीने फळ ओढू लागली, आणि त्या ओढाताणीत तिचा चेहरा क्षणभर दुर्बिणीत भरून राहिला: काळ्या बुबुळाभोवती आत निळे कडे आणि त्याबाहेर गुलाबी कडे. इतका सुंदर दागिना घराण्यातल्या बहुतेकांच्या डोळ्यांत असल्यामुळे रावसाहेबांच्या लेखी तो बिनकामाचा ठरला आणि वहीत त्याची नोंद झाली नाही.

खरी कसोटी माद्यांच्या वेळी लागते. पिवळ्या पायांच्या जातीत नरमादी जवळजवळ सारखीच, मादीचे रंग किंचित फिके इतकेच, तेव्हा तिथे अडचण नाही. परंतु नारिंगी छातीच्या मादीला ना नारिंगी पट्टा, ना जांभळा. राखाडी कपाळाच्या मादीला पाठीवरची शाल नाही. म्हणजे दोघीही नुसत्या हिरव्या, पाय दोघींचेही तांबडे, आणि दोघी एकाच फांदीवर. राखाडी रंग कपाळावर आहे की मानेच्या मागे, एवढ्या एका प्रश्नावर तिथे सगळा निवाडा येऊन ठेपतो. कपाळावर असेल तर राखाडी कपाळाची. कपाळ हिरवे आणि मानेची मागली बाजू राखाडी असेल तर नारिंगी छातीची. शंका राहिलीच तर शेपटीची मधली पिसे पाहावीत: नारिंगी छातीच्या मादीची ती राखाडी, राखाडी कपाळाच्या मादीची हिरवी. दिमाख उतरवून ठेवल्यावर ओळख मानेच्या मागे आणि शेपटीच्या मध्यावर उरते, हा नियम पक्षिशास्त्राबाहेर लागू करून पाहण्याचा मोह मी आवरता घेतो, कारण रावसाहेबांना निवृत्त अधिकाऱ्यांविषयीची शेरेबाजी खपत नाही.

त्या सकाळी लोंबकळणाऱ्या हरोळीने तोल सावरण्यासाठी अखेर एक पाय पानाबाहेर काढला. तो तांबडा होता. कपाळ राखाडी, पाठ हिरवी, शेपटीचा मध्य हिरवा. रावसाहेबांनी वही उघडली, चारही रकाने भरले, तारीख घातली आणि शेरा मारला: "राखाडी कपाळाची हरोळी, मादी. खात्री केली."

तेव्हा वाचकहो, वडाखालून जाताना शीळ ऐकू आली तर टाळी वाजवू नका. थांबा, कपाळ पाहा, छाती पाहा, पाठ पाहा, मानेची मागली बाजू पाहा, आणि पाय पाहिल्यावाचून राज्यपक्ष्याचा दाखला कोणाच्याही हाती देऊ नका. एवढे करूनही निर्णय लागला नाही, तर वहीत नुसते 'हरोळी' एवढेच लिहावे आणि खाली सही करावी.