बाईंची पाऊणकी टेडेक्सच्या स्टेजवर

अहो वहिनी, ते कपडे वाळत घालायचं जरा राहू द्या, इकडे भिंतीपाशी या. आपल्या गणिताच्या बाई टेडेक्समध्ये बोलायला अर्ज करतायत!

काय विचारता, टेडेक्स म्हणजे काय? मलाही नातीनंच सांगितलं. 1984 मध्ये अमेरिकेत टेड नावाची परिषद सुरू झाली. 2009 पासून ती मंडळी गावोगावच्या लोकांना तसाच कार्यक्रम भरवायचा परवाना देतात, तोही फुकट. पण नियम त्यांचे. वक्त्याला जास्तीत जास्त 18 मिनिटं. आपल्या वसंत व्याख्यानमालेत तेवढ्यात वक्त्याचा परिचयसुद्धा संपत नाही!

तर अर्ज. प्रत्येक आयोजकाचे प्रश्न वेगळे असतात म्हणे, पण एक ठरलेला: तुमची कल्पना एक-दोन वाक्यांत सांगा. बाईंनी काय लिहावं? ‘माझा अध्यापनाचा प्रवास.’ माझी नात फटकळच, म्हणाली, ‘आजी, हे निरोप समारंभाचं भाषण झालं.’ बाईंनी खोडलं. मग लिहिलं, ‘मुलांमध्ये गणिताची गोडी.’ आता गोडीला कोण नको म्हणणार? समोरचा ‘असं होय’ म्हणून चहाला उठायचा. माझं म्हणाल तर, ऐकणारा निदान भांडायला तरी उठेल असं वाक्य हवं.

ते निघालं भाजीवालीपुढे. मटार ऐंशी रुपये किलो, बाईंनी पाऊण किलो घेतले. त्यांचा नातू हिशेबाला खिशातून मोबाइल काढेपर्यंत मावशी ‘साठ द्या’ म्हणून मोकळ्या. बाई घरी आल्या त्या तावातावानंच. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, हे अपूर्णांकांचे पाढे आपण घोकले होते की नाही? ‘सात पाऊणे सव्वापाच’ झोपेतसुद्धा यायचं. मग कागदावर उतरलं: ‘अपूर्णांकाची भीती घालवायची, तर पाचवीच्या आत पावकी-निमकी पुन्हा पाठ करून घ्या.’ आमच्या सूनबाईंनी लगेच नाक मुरडलं, घोकंपट्टी म्हणे! मी बाईंना म्हटलं, लागला बघा नेम.

हो, क्लासवाल्या सरांनाही तेच डोहाळे लागलेत. पण स्टेजवरून आपला माल विकायचा नाही, असा नियमच आहे. क्लासचं नाव घेतल्याशिवाय सर 18 मिनिटं कसे काढणार, देव जाणे. आणि कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या साहेबांची गंमत ऐकलीत? त्यांना कुणा एजंटाचा फोन. एवढे भरा, स्टेज मिळवून देतो. साहेब पैसे द्यायला निघालेसुद्धा! अहो, तिथे वक्त्याला मानधन नाही, आणि बोलू देण्याचे पैसे वक्त्याकडून घ्यायचेही नाहीत. पैसे मागितले की फोन ठेवून द्यायचा, दुसरं काही नाही.

बाईंची निवड होईल की नाही, कुणी सांगावं. निवडणारे आयोजकच, शिवाय अर्ज ढीगभर. मराठीत बोलायला मात्र टेडची आडकाठी नाही, त्या कार्यक्रमाची भाषा कोणती एवढं विचारून घ्यायचं. ते मी नातीला विचारायला लावलंय.

आता तुमच्याकडे काम. अर्जासोबत बाईंचा बोलतानाचा छोटा व्हिडिओ जोडायचाय. तुमच्या भाच्याकडे मोबाइल उभा करायचं ते स्टँड आहे ना? रविवारी सकाळी त्याला बाईंकडे पाठवा. आणि लवकर पाठवा हो, दहानंतर त्यांच्या ओट्यावर ऊन येतं.