प्रवेश निश्चित, खाट प्रतीक्षायादीत

पुण्यात शिकायला येणाऱ्या पोराला दोनदा प्रवेश घ्यावा लागतो. पहिला सीईटी सेल देतो. त्यासाठी पर्सेंटाइल असतं, आरक्षणाचा तक्ता असतो, तात्पुरती गुणवत्ता यादी लागते, तिच्यावर हरकती मागवल्या जातात आणि कुणी कोर्टात गेलंच तर अख्खी फेरी लटकते. दुसरा प्रवेश सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहणारे कुणी काका देतात. त्यासाठी आडनाव पुरतं. आडनावावरून अंदाज आला नाही तर गाव विचारतात, गावावरूनही आला नाही तर ‘घरी नॉनव्हेज होतं का?’ असं विचारतात, आणि उत्तर काहीही दिलं तरी ‘हिला विचारून कळवतो’ यावर मुलाखत आटोपते. या प्रवेशाला यादी नाही, हरकत नाही, दुसरी फेरी नाही. संविधानाच्या १५व्या कलमात धर्म-जातीवरून मज्जाव करता येणार नाही अशा जागा नावानिशी दिल्या आहेत: दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते. भाड्याची खोली त्यांत नाही. पेठेतल्या काकांनी संविधान वाचलेलं नसतं, असं समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. आता या दोन प्रवेशांत वजनदार कुठला? पहिला मिळून दुसरा हुकलेला पोरगा पंधरवड्यात गावाकडची एसटी धरतो. दुसरा मिळून पहिला हुकलेला मात्र पुण्यातच टिकतो आणि स्पर्धा परीक्षांची तयारी सुरू करतो.

म्हणणं एवढंच, की आपलं सरकार शिक्षणाच्या जागा बाकांवर मोजतं आणि त्या जागा भरतात खाटांवर. तुकडी मंजूर करताना वर्गाचं क्षेत्रफळ मोजतात, प्रयोगशाळेतली उपकरणं मोजतात, ग्रंथालयातली पुस्तकं मोजतात. साठातली चाळीस पोरं बाहेरगावची असतील तर ती रात्री पाठ कुठे टेकणार, यावाचून एखादी तुकडी अडल्याचं ऐकिवात नाही. ते काम विजेच्या डीपीवर चिकटवलेल्या कागदाकडे सोपवलेलं आहे. हा कागद एकदा नीट वाचावा. ‘मुलांसाठी रूम, कॉट बेसिस, कॉलेज ५ मिनिटं, गरम पाणी ६ ते ७.३०, व्यसनी मुलांनी फोन करू नये.’ खाली फोन नंबरच्या उभ्या कापलेल्या पट्ट्या, त्यातल्या निम्म्या फाडून नेलेल्या. पाच मिनिटं ही स्कूटरवरची असतात आणि तीही लक्ष्मी रस्त्यावर गर्दी नसताना. कॉट बेसिस म्हणजे खोली भाड्यानं मिळत नाही, लोखंडी खाट मिळते, आणि खाटेखालची जागा हे कपाट समजायचं. धरून चालू, की खाटेला महिना साडेतीन हजार पडतात आणि दहा बाय बाराच्या खोलीत चार खाटा आहेत. म्हणजे खोलीचे चौदा हजार झाले. एवढं भाडं एखाद्या कुटुंबाकडे मागितलं तर ते आधी भिंतीची ओल दाखवेल, मग नळाची गळती दाखवेल आणि शेवटी दोन हजार कमी करून घेईल. चार पोरं चार गावांहून चार वेगळ्या दिवशी येतात, त्यामुळे ओल कुणाच्याच वाट्याची नसते. शिवाय चार खाटा लागल्यावर टेबल मावत नाही. म्हणून पोरगा अभ्यासिकेत महिन्याच्या बोलीवर एक खुर्ची घेतो. झोपायची जागा एकीकडे, बसायची दुसरीकडे, जेवायची तिसरीकडे मेसमध्ये, जिथे आदल्या दिवशी सांगितलं तरच खाडा धरतात. एका माणसाच्या एका घराचे असे तीन तुकडे करून तीन भाडी वसूल करण्याची युक्ती ज्या शहराला सुचली, त्याच्या बुद्धिमत्तेबद्दल शंका घेण्याचं कारण नाही.

भाव एवढा चढतो कशानं? मागणी जास्त म्हणून, हे उत्तर खरं असलं तरी आळशी आहे. मागणी वर्षभर असतेच, पण ती एका आठवड्यात कोंबण्याचं काम आपलं वेळापत्रक करतं. कॅपची, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, फेरी लागते, कॉलेज ठरतं, हजर व्हायला मोजके दिवस मिळतात. त्याच दिवसांत राज्यभरातून तशाच फेरीतून सुटलेली पोरं, एक बॅग आणि एक बाप घेऊन, त्याच चार गल्ल्यांत उतरतात. कॉलेजच्या वसतिगृहाची यादी प्रवेश झाल्यावर लागते, कारण आधी विद्यार्थी असावा लागतो. सरकारी वसतिगृहाची त्याच्याही मागून येते. वरातीमागून घोडं हे ठीक, इथे घोड्यामागून तबेला येतो. तोवर दलालाला एक भाडं आणि मालकाला दोन-तीन भाड्यांचं डिपॉझिट देऊन झालेलं असतं. वसतिगृहात नंबर लागला म्हणून खोली सोडायची ठरवली तर डिपॉझिट अडकतं, ते ‘रंगकाम’ या सदरात. पुण्यातल्या खोल्यांच्या भिंती पाहता एवढ्या डिपॉझिटांचा रंग जातो कुठे, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.

सरकार काहीच करत नाही असं मात्र म्हणता येणार नाही. २०२४ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि मागासवर्गीय गटांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी राज्यानं माफ केली. चांगलंच केलं. फक्त मुलींची खोली मुलांच्या खोलीपेक्षा महाग असते, कारण तिला कुलूप जास्त आणि रात्री नऊचं फाटक असतं, आणि त्या फाटकाची फी कुणी माफ केलेली नाही. त्याआधी, २०१६-१७ पासून, सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आली. योजनेचा हेतू अगदी नेमका: वसतिगृहात खाट देता येत नाही, तर खाटेचे पैसे देऊ. पुण्या-मुंबईसाठी ठरलेली रक्कम वर्षाला साठ हजार, त्यात निवासाचे वीस हजार. बाराने भागलं तर महिना १,६६७ रुपये होतात. एवढ्यात आपल्या त्या खोलीतली अर्धी खाट येते, पाय लांब केले नाहीत तर. तरीही ही अर्धी खाट पदरात पडावी म्हणून पोरगा अर्ज भरायला बसतो आणि कागदांच्या यादीत भाडेकरार येतो. गाडी रुतते ती इथे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. त्याचं ५५वं कलम सांगतं, की जागा भाड्यानं किंवा लिव्ह अँड लायसन्सवर दिली तर करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अकरा महिन्यांच्या करारालाही यातून सूट नाही. वर्षाच्या आतला करार नोंदवायला लागत नाही, ही समजूत १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आलेली आणि ती आपल्याकडे केव्हाच निकालात निघाली, पण अकरा हा आकडा पितरांच्या तिथीसारखा पाळला जातो. आता या कलमाचा वचक किती? डीपीवरच्या कागदाच्या खाली ‘करार करून मिळेल’ अशी ओळ शोधून पाहावी. खर्चाचं कारण सांगू नये. आपल्या चौदा हजारांच्या खोलीचं अकरा महिन्यांचं भाडं १,५४,००० होतं, त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क ३८५ रुपये आणि नोंदणी फी हजार. कारण वेगळं आहे. पुणे महापालिका स्वतःच्या राहत्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत देते. मधली काही वर्षं ती काढून घेतली होती, तेव्हा गदारोळ झाला, २०२३ मध्ये ती परत आली आणि त्यासाठी पीटी-३ नावाचा अर्ज भरावा लागला. घरात आपण स्वतः राहतो हे त्यात सांगायचं. करार नोंदवला की चार खाटांवर चार पोरं सरकारी दफ्तरात आडवी झालीच, मग सवलत गेली आणि प्राप्तिकराच्या विवरणातही एक ओळ वाढली. म्हणून ती पोरं कागदावर नसतात. महापालिकेच्या दप्तरी त्या दहा बाय बारात मालक एकटा, प्रशस्तपणे राहतो. समाजकल्याणच्या दप्तरी तो पोरगा कुठेच राहत नाही, सबब त्याला राहण्याचे पैसे देता येत नाहीत. एकच खोली दोन खात्यांत दोन तऱ्हेनं रिकामी असते आणि दोन्ही खाती नियमानंच वागतात.

यावर मालकांची बाजू अशी, की आम्ही काय धर्मशाळा काढली आहे? निवृत्तीनंतर पेन्शन नाही, त्या दोन खोल्या हीच पेन्शन, आणि पोरं म्हणजे रात्री दोनला बुलेट, बेसिनमध्ये चहापत्ती आणि परीक्षा संपली की मागे उरलेली गादी. हे खोटं नाही. भाडं घेण्यावर आक्षेपही नाही. पण या सगळ्यावरचा इलाज ते ज्या कागदाला घाबरतात त्यातच आहे. त्याच कायद्याचं २४वं कलम सांगतं, की लायसन्सची मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर मालकाला ताबा मिळतो आणि उरलेल्या दिवसांची दुप्पट दरानं भरपाई मिळते. उलट कराराचा कागदच नसेल तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू म्हणेल ते, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत, कायदा खरं धरतो. म्हणजे भाडेकरू जागा बळकावेल या भीतीपोटी मालक नेमकं भाडेकरूच्या हाती शस्त्र देतो. सुदैवानं पोरांनाही हे ठाऊक नसतं. दोन अज्ञानांच्या या समतोलावर पेठांची अर्थव्यवस्था निवांत उभी आहे.

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा: पेठेतच राहायचा अट्टहास का? नऱ्हे आहे, धायरी आहे, वाघोली आहे, तिथे खोली स्वस्त मिळते. मिळते. मग पीएमपी धरावी लागते. जून २०२५ मध्ये तिचा दिवसाचा पास ४० वरून ७० रुपयांवर आणि महिन्याचा ९०० वरून १,५०० वर गेला. विद्यार्थ्यांच्या पासाची गोष्ट वेगळी असली तरी सकाळच्या सातच्या प्रॅक्टिकलला पोचवायला बस आधी यावी लागते, आणि ती येत नाही तेव्हा पोरगा बापाच्या मागे लागून जुनी दुचाकी घेतो. पेट्रोल धरलं तर स्वस्त खोली पेठेतल्या खाटेच्या मागे फार राहत नाही. वर रोजचे दोन तास सिंहगड रस्त्यावर जातात ते वेगळे. लांबचं घर स्वस्त असतं, हे ज्यांना कुठे वेळेवर पोचायचं नसतं त्यांच्यापुरतं खरं आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत आवाजी, आणि तो साधारण साठीच्या पुढे सुरू होतो. आमच्या वेळी पोरं वार लावून जेवली, माधुकरी मागून शिकली, देवळाच्या ओवरीत झोपली, त्यांना कुठे गरम पाणी होतं? या आठवणीतला एक तपशील नेहमी गळतो. वार आणि माधुकरी ही व्यवस्था होती, आणि ती मुख्यतः एकाच जातीच्या पोरांसाठी होती. कुणाच्या घरी कुठला वार रिकामा आहे, हे गल्लीला माहीत असे. म्हणजे त्या समाजानं आपली तोंडं मोजलेली होती. ज्यांच्यासाठी कुणीच मोजत नव्हतं त्यांचं काय, हा प्रश्न कोल्हापुरात शाहू महाराजांना पडला आणि त्यांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उघडून दिलं, पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेक बोर्डिंगं आली, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग आलं. शाळा-कॉलेजं कोल्हापुरात आधीपासून होती. अडत होतं राहण्याजेवण्यापाशी, हे राजाला दिसलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांना एका छताखाली ठेवलं तेही बोर्डिंगच. पुण्यात १९५५ साली अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती काढली, ती खेड्यातल्या पोरांच्या खोलीच्या आणि जेवणाच्या सोयीसाठी. या सगळ्यांनी गणित खाटेपासून मांडलं. आपण वसतिगृहांना त्यांची नावं दिली, योजनांना दिली, चौकांना दिली, आणि गणित बाकापासून मांडायला घेतलं.

खाट ही वस्तू सरकारला अगदीच अपरिचित आहे असंही नाही. जुलै २०२२ मध्ये दिवसाला हजार रुपयांच्या आतल्या निवासाची जीएसटीतली सूट गेली, त्याचा अर्थ लावता लावता २०२३ मध्ये बंगळुरूच्या निवाडा प्राधिकरणानं हॉस्टेल आणि पीजीवर १२ टक्के कर लागतो असं सांगितलं, आणि जून २०२४ मध्ये जीएसटी परिषदेनं महिना २० हजारांच्या आतलं, सलग ९० दिवसांचं वास्तव्य पुन्हा मोकळं करायचं ठरवलं. म्हणजे पोरगा कुठे, किती दिवस आणि किती पैशात झोपतो हे करखात्यानं दोन वर्षांत बारकाईनं तपासलं. ही तत्परता शिक्षणखात्याला उसनी मिळाली तर मागणं फार मोठं नाही. वसतिगृहाची निवड कॅपच्या अर्जातच भरून घ्यावी, म्हणजे कॉलेजची आणि खाटेची यादी एकाच दिवशी लागेल. भाडेकरार विद्यार्थ्याकडे मागण्याऐवजी ५५व्या कलमाप्रमाणे मालकाकडे मागावा. आणि प्रत्येक कॉलेजनं माहितीपुस्तिकेत दोन आकडे छापावेत: गेल्या वर्षी बाहेरगावची मुलं किती आली आणि आपल्याकडे खाटा किती आहेत. संस्थाचालक म्हणतील, असे आकडे छापले तर प्रवेश घटतील. शक्य आहे. जागा नाही असंही त्यांना म्हणता येईल, पण पुस्तिकेत जिमखान्याचं दुपानी छायाचित्र आहे, ते एक पान केलं तरी भागेल.