डॅशबोर्डवरचा काटा पळवणाऱ्या साहेबांस

प्रति,
गाडीच्या तापमानाचा काटा काढून टाकणारे डिझायनर साहेब,
मुक्काम : कुठल्यातरी थंडगार स्टुडिओत



पत्र लिहिणारा माणूस ठाण्याच्या वर्तकनगरचा. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात 31 वर्षं बॉयलरवर होतो. काट्याकडे बघत बसायचा मला पगार मिळायचा, काटे काढून टाकायचा तुम्हाला मिळतो. तेव्हा आपण एकाच धंद्यातले, ही ओळख पुरे.

आधी अभिनंदन. आमच्या गाडीत छताला खिडकी आहे, दारात रंग बदलणारी दिव्यांची पट्टी आहे, शेजारच्या सीटवर भाजीची पिशवी ठेवली तर तिला पट्टा बांधा म्हणून बोंब मारणारी घंटी आहे. इंजिन किती तापलंय ते सांगणारा काटा तेवढा नाही. त्याच्या जागी दोन दिवे. सकाळी किल्ली फिरवली की निळा, म्हणजे इंजिन थंड आहे. थोड्या वेळाने तो विझतो. त्यानंतर शांतता. आणि मग, नशिबात असेल तर, एकदम लाल. निळ्या आणि लाल यांच्या मधला सगळा संसार तुम्ही स्वतःजवळ ठेवून घेतलात. तुमच्या घरी पोराला ताप आला की थर्मामीटर लावता, की ते लाल होईपर्यंत थांबता?

मागच्या मे महिन्यात वसईला लग्नाला निघालो. कापूरबावडीपर्यंत ठीक. घोडबंदर रोडला गायमुखच्या घाटात जे अडकलो, ते सव्वा तास. चालत्या गाडीला समोरचा वारा असतो, त्याने रेडिएटर निवतो. उभ्या गाडीला आधार फक्त पंख्याचा, आणि आमच्या पंख्याचा फ्यूज केव्हाच उडाला होता. एसीतून कोमट हवा यायला लागली तेव्हा आम्ही ठाण्याच्या उन्हाला नावं ठेवली. प्रत्यक्षात एसीच्या कंडेन्सरलाही त्याच पंख्याची हवा लागते, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही. तिकडे बॉनेटखाली पारा 95, 100, 105 असा चढत असणार, आणि इकडे आमची ही आहेराच्या पाकिटांवर नावं घालत होती.

मग लाल दिवा, घंटी आणि वाफ, तिन्ही एकाच मुहूर्तावर.

बाजूला घ्यायला जागा मिळेपर्यंत मी एक जुना उपाय केला. हीटर पूर्ण सोडला. हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या मागे दडवलेला छोटा रेडिएटरच. इंजिनाची उष्णता तो गाडीत ओढतो. भर मे महिन्यात, दुपारी बाराला, पैठणी नेसलेल्या बाईच्या तोंडावर मी हीटर सोडला. त्यावर ती जे बोलली ते तुम्हाला उद्देशून होतं असं मी धरून चाललोय.

गॅरेजवाला पोरगा म्हणाला, “काका, हेड गॅस्केट उडालं. दिवा आला की जागच्या जागी बंद करायची.” मी म्हटलं, आणि दिवा यायच्या आधी? तो म्हणाला, “आधी तुम्हाला कळणार कसं?” हा प्रश्न त्याने मला विचारला, मी तो जसाच्या तसा तुमच्याकडे पाठवतोय.

साहेब, बॉयलरला दाबाचा काटा आणि पाण्याची पातळी दाखवणारी काच लागतेच. माझ्या नोकरीत त्यासाठी इंग्रजांच्या काळातला 1923चा कायदा होता, 2025पर्यंत तोच चालला, आणि त्याखालचे नियम. काट्याच्या तबकडीवर लाल रेघ असते, पण ती काट्याच्या सोबतीला. काटा तिच्याकडे सरकताना दिसावा म्हणून. नुसती रेघ लावून काटा काढला असता, तर इन्स्पेक्टरने मला बॉयलरसकट बाहेर काढलं असतं. आणि तुमच्या रेडिएटरचं झाकणही साधारण एक बारचा दाब धरतं, म्हणून तर आतलं पाणी 100 अंशांना उकळत नाही. म्हणजे बॉनेटखाली तुम्हीही एक छोटा बॉयलरच दिलाय. फक्त अटेंडंटचे डोळे बांधून.

काटा महाग पडतो म्हणाल, तर तेही पटत नाही. गाडी दुरुस्त होऊन आल्यावर स्टिअरिंगखालच्या खोबणीत भाच्याने काडेपेटीएवढं एक यंत्र खोचलं आणि मोबाइलवर आकडा उमटला : 94. म्हणजे सेन्सर आहे, तो क्षणोक्षणी मोजतो, इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगतो, पेट्रोल किती सोडायचं तेही त्यावर ठरतं. ज्याने हप्ते भरले तेवढ्यालाच सांगायचं नाही.

तुमची बाजूही मला ठाऊक आहे. काटा जरा हलला की लोक घाबरून सर्व्हिस सेंटरला धावत येतात. म्हणून काटा असलेल्या कित्येक गाड्यांतही साधारण 80 ते 105 अंशांपर्यंत तो मध्यावर खिळवून ठेवलेला असतो. खोटं बोलणाऱ्या काट्यापेक्षा काटा नसलेला बरा, असा तुमचा हिशोब असेल. तो अगदीच चुकीचा नाही. पण काटा हलल्यावर काय करायचं ते लोकांना दोन ओळींत शिकवण्यापेक्षा काटाच काढणं सोपं, हे तुम्हाला फार लवकर सुचलं.

कुर्ल्याला प्रीमियर पद्मिनी बनायची तेव्हा घाटाघाटांत बॉनेटं उघडून पाण्याचे डबे ओतणारी माणसं दिसायची. गाडी वाईट होती, तापायची, उन्हाळ्यात जीव खायची. तिची आरती मी ओवाळणार नाही. तुमचं इंजिन तिच्यापेक्षा दसपट चांगलं आहे. पण त्या माणसांना आपली गाडी का तापली हे माहीत असायचं.

खर्चाचं बिल सोबत जोडत नाही. तुमची तबियत बिघडेल, आणि किती बिघडली ते कळायला तुमच्याकडे साधन नाही.

कळावे,
आपला,
एक निवृत्त बॉयलर अटेंडंट, वर्तकनगर

ता. क. उत्तर पाठवलंत तर आकड्यांत लिहा. निळा दिवा चालणार नाही.